बेबीचा काळा कागद

राइट टाउनच्या पोस्टात माझ्यापुढे रांगेत दोन शेजारणी उभ्या होत्या.

“हे पत्र तुमच्या बेबीला काय, विभावरीवहिनी?”

“हो. तिचं जहाज पुढच्या आठवड्यात गोव्याला लागते. समुद्रावरच्या हवेत धूर किती, ते मोजून राहिली ती.”

“तिथं काहून? तिथं कुठं धूर आहे?”

“आहे ना, शकू. हजार मैल आत गेली, तरी हवा गाळायच्या कागदावर काजळी बसली. आपल्याकडचाच धूर वाऱ्यानं तिथवर गेला म्हणते.”

“अच्छा. मग घाबरली असेल पोरगी.”

“नाही जी. लिहिते, आई, तो काळा कागद पाहून तू अंगणात पाला जाळतेस ते आठवलं, अन् रडूच आलं.”

“मग तुम्ही काय लिहिलं?”

“लिहिलं, पाला जाळणं बंद केलं. आता तुला धूर नाही, फक्त पत्रं पाठवीन.”