दिगूची कसम

सेलूहून नागपूरची एसटी निघाली, तेव्हा सुलोचनाबाईंची जपमाळ निम्म्यावर आली होती. पण पुढच्या बाकावरच्या नवराबायकोचं बोलणं कानी पडलं आणि मण्यावरचं बोट तिथंच थांबलं. कामठीच्या छावणीत त्यांच्या लेकाचं शिपायाचं शिक्षण संपलं होतं. आज त्याची कसम परेड होती.

"अवो, दिगू कोनाची शपथ घेईन तिथं? माई तं नाई?"

"तुई काऊन घेईन व? झेंड्यापुढं घ्या लागते. हुकूम होईन तिकडं जाईन, जीव गेला तरी मांगं हटनार नाई, अशी."

"जलमभर माई शपथ घेत आला थो. 'माय शप्पथ, लाडू म्या नाई खाल्ला!' आन् गालाले बेसन."

"मांजरीनं डबा उघडला म्हने!"

"हासू नोका. त्याचं खोटं मले तवाच समजते. खोटी शपथ घेतली का त्याचे कान लाल होतेत."

"मंग पाहजो आज. डोकं भादरलं हाय, कान उघडेच असतीन."

"पाहीनच."

"आन् नाई झाले लाल, तं?"



"तं खरंच जाईन थो. कुठंबी धाडलं तरी."

"रडशीन का तिथं?"

"तिथं कायले? त्याच्या सायबासमोर हासत उभी राहीन. घरी आल्यावर दार लावून रडीन. तुमी तवा वावरात जाजा."

"मले काऊन वावरात धाडतं व? दोघंबी रडू नं."