बंदूक आजच ताब्यात घेण्याबाबत

जबाब देणार: सौ. सुमेधा अंबरीष टिपणीस, वय २६ वर्षे, व्यवसाय विद्यापीठात संशोधन, मूळ गाव सातारा, हल्ली राहणार सेंदाई, जपान. दुभाषी: सौ. दिपाली.

मी स्वतः ठाण्यात हजर राहून सांगते की, वरील ठिकाणी मी पती अंबरीष यांच्यासह राहते. ते सॉफ्टवेअर अभियंता असून त्यांच्याकडे शिकारीच्या बंदुकीचा परवाना आहे. परवान्याच्या परीक्षेचे जपानी पुस्तक मीच त्यांना मराठीत समजावून दिले. पूर्ण प्राणी डोळ्यांनी दिसल्याशिवाय आणि त्याच्यामागे गोळी अडवणारी मातीची चढण असल्याशिवाय चापावर बोट ठेवायचे नाही, हा नियम ते घडाघडा म्हणून दाखवत आणि "मास्तरीणबाई, पास का?" असे विचारत.

जानेवारीत रानडुकराच्या शिकारीत झुडूप हलले म्हणून त्यांनी गोळी झाडली. झुडपात ओनोदेरा-सान यांचा कुत्रा होता. ओनोदेरा-सान यांनीच पतींना शिकार शिकवली. कुत्रा जागीच मेला. चौकशीत तो अपघात ठरला व परवाना कायम राहिला. ओनोदेरा-सान रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्याकडे शेतातले मुळे पाठवले. पतींनी ते खाल्ले नाहीत व टाकूही दिले नाहीत.

हंगाम संपला आहे. तरीही पती रोज संध्याकाळी बंदूक कपाटातून काढून साफ करत बसतात. काल मी म्हणाले, "कालच तर साफ केलीस." ते म्हणाले, "नळी स्वच्छ हवी, तुझ्याच पुस्तकात आहे ना?"

"रोज, असं नाही लिहिलेलं."

"मग काप माझे मार्क."

नंतर ते म्हणाले, "तू आईकडे जाऊन ये. तिकीट काढलंय." तिकीट फक्त जाण्याचे आहे. "आणि तू?" असे मी विचारले. त्यांनी नळीतून दिव्याकडे पाहिले.

अधिकारी कुमागाई-सान यांच्या प्रश्नांवरून सांगते की, पतींनी मला मारहाण केलेली नाही. धमकी दिलेली नाही. ते दारू पीत नाहीत. जिवाचे बरेवाईट करून घेईन, असे त्यांनी तोंडाने म्हटलेले नाही. अधिकारी म्हणाले, "निव्वळ शंकेवरून बंदूक उचलता येत नाही. आम्ही त्यांना फोन करून विचारपूस करू." फोन करू नये, अशी मी विनंती केली.

त्यानंतर मी काडतुसांच्या कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली. पती आंघोळीला गेले असता ती मी त्यांच्या कोटाच्या खिशातून घेतली. अधिकारी म्हणाले, "परवानाधारकाशिवाय कुणाकडे ही सापडली, तर गुन्हा होतो. ठाऊक आहे का तुम्हाला?" मी म्हणाले, "हो. तो धडा मीच त्यांना शिकवला."

"मग हा दोष तुमचा. त्यांचा कसा?"

मी उत्तर दिले की, किल्ली दुसऱ्या कुणाच्याही हाती लागणार नाही अशी ठेवणे ही परवान्याची अट आहे. ती माझ्या हाती लागली. अटीचा भंग झाला आहे. शंकेवरून येत नसल्यास यावरून या. माझ्यावर काय कारवाई करायची ती करावी.

दिपालीताईंनी विचारले, "सुमेधा, परवाना कायमचा जाईल. ते तुला माफ करतील?" मी म्हणाले, "नाही करणार. पण ताई, मी म्हटलं तसंच सांगा अधिकाऱ्यांना."

त्याच कपाटाची दुसरी किल्ली घरात आहे. ती कुठे आहे हे नियमाप्रमाणे मला माहीत नाही. पती या क्षणी घरी एकटे आहेत. गाडीने भोंगा न वाजवता जावे. दार मला उघडू द्यावे.

हा जबाब मला मराठीतून वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. वाचन अर्ध्यात थांबवून निघावे, अशी विनंती मी दोनदा केली, तीही इथे नोंदवली आहे.