न्यायाधीशाच्या डोळ्यांतला पिवळा

अध्यक्षस्थानी विराजमान डॉन्या रेमेदिओस, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, आज रात्रीच्या बसने कायमचे गावी निघालेले आपले सत्कारमूर्ती, आपले मास्तर डॉन आन्सेल्मो, आणि ऑलिव्हच्या बशीवर एक डोळा ठेवून बसलेल्या माद्रिदच्या तमाम चित्रकार मित्रमैत्रिणींनो!

मी कासिल्दा. मास्तरांची शेवटची आणि सगळ्यात भांडकुदळ विद्यार्थिनी. तैलरंगात माणसाचा चेहरा कसा उभा करायचा, हे मी त्यांच्याकडे शिकले ते संग्रहालयातल्या त्या न्यायाधीशाच्या जुन्या चित्राची नक्कल करत. तुम्हीही त्याच्यापुढे घाम गाळलाय ना? त्याच्या डोळ्यांतलं पांढरं जरा पिवळसर आहे. मी ते आपलं पांढरंशुभ्र रंगवून टाकलं. म्हटलं, पिवळेपणा जुन्या व्हार्निशचा असणार.

"अगं शहाणे," मास्तर कडाडले, "व्हार्निश पिवळं पडलं असतं तर सगळंच चित्र पिवळं दिसलं असतं! त्याची कॉलर बघ, कशी पांढरी आहे. हा माणूस आजारी होता. घरचे रोज बघत होते, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. चित्रकाराच्या आलं."

काय नजर! टाळ्या वाजवा की.

मग मी तो पिवळा कालवायला बसले. बरेचदा चुकला. एकदाचा जमला, म्हणून कुंचला दाखवायला मास्तरांकडे वळले. कुंचल्यावरचा रंग आणि त्यांच्या डोळ्यांतला रंग एकच होता.

"मास्तर, डॉक्टरकडे चला."

"सत्तर वर्षांचं व्हार्निश आहे गं हे!" ते हसले. "गावी द्राक्षं उतरवून झाली, की बघू."

तेव्हापासून मागे लागलेय. दर वेळी द्राक्षंच! गावात डॉक्टर नाही, हे त्यांनीच मला सांगितलंय. दरम्यान त्यांचा कोट खांद्यांवरून ओघळायला लागला. त्यावर आपण काय म्हणालो? वा मास्तर, निवृत्ती मानवली, छान बारीक झालात!

आता हसू नका, मित्रहो. मान वळवा. इथले दिवेच पिवळे आहेत, असंही म्हणू नका. आधी मास्तरांची कॉलर बघा, मग डोळे बघा.

दिसलं ना?

रागवा हवं तर, मास्तर. मला भीती वाटतेय, आणि ती एकटीला झेपत नाहीये.

आयोजकांनी मला बोलायला उभं केलं, आपण ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. निरोपाच्या दिवशी असं बोलू नये, एवढं मलाही कळतं; कमी-जास्त झालं असेल ते पोटात घाला. दाराशी टॅक्सी उभी आहे, हॉस्पिटलात सांगून ठेवलंय. बस गेली तर जाऊ दे. मास्तर, उठा. माझा हात धरा.