एर्मेक अजून चालत नाही

—छे हो विहीणबाई, कुठला चालतोय! चालत असता तर मी पेरिझातला कळवलं नसतं का? तुमच्या लेकीपासून मी कधी काही लपवलंय? वर बसा ना, दाराशी नका बसू, त्या शिरदाकावर बसा, घरचा नमदा आहे, माझ्या हातचा, ऊब देतो. आता तुम्ही बिश्केकच्या, तुम्हाला खाली बसायची सवय राहिली नसेल, पण आमच्याकडे खुर्ची एकच आणि तिचा पाय एर्मेकने ढकलून— तिचा पाय मोडलाय. आपोआप. जुनीच होती. ही उशी घ्या पाठीला. चहा घ्या. साय घाला वरून, गाईच्या दुधाची आहे, डब्यातली नाही. आणि निरोप न धाडता आलात ते किती बरं केलंत! निरोप आला असता तर मी उगाच घर आवरलं असतं, पोरांची तोंडं धुतली असती, तुम्हाला खरं काही दिसलंच नसतं. आता बघा. मनसोक्त बघा.

बेगिमाय? तुमच्या नातीला पाठवलंय शेजारी, कालिमाकडे, चाळणी आणायला. हो, तुम्ही गाडीतून उतरताना दिसलात तेव्हाच पाठवलं, त्यात काय झालं? चाळणी लागतेच घरात. सहा वर्षांची घोडी झाली, जरा पाय मोकळे होतात. आणि तोंड तर तिचं सारखं चालू असतं— तुम्ही प्रवासाने दमलेल्या, तुम्हाला कशाला तिची कटकट. येईल सावकाश. कालिमाला सांगितलंय, चहा पाजूनच पाठव म्हणून.

पेरिझात रडते म्हणता? कशाला रडते? वर्ष उलटून गेलं आणि पोरगं चालत नाही म्हणून? अहो, काही मुलं असतात उशिरा चालणारी. त्याचा बाप बघा, माझा तालाय— दोन उन्हाळे नुसता बसून होता. आता कुठे बिघडलंय त्याचं? आताही बसूनच असतो, शिलाई मशीनवर, तुमच्या शहरात. डॉक्टर? कसला डॉक्टर? हाडांचा? वेळ घेऊन ठेवलीय? अरे देवा. एवढ्याशा पोराच्या हाडांचे फोटो काढणार! नाही, म्हणजे काढा, तुमचं शहर, तुमचे डॉक्टर, आम्ही कोण बोलणारे, आम्ही आपल्या मेंढरांची हाडं बघणारी माणसं. पण मी सांगते, हाडं ठणठणीत आहेत. कशावरून? कशावरून म्हणजे— तेल लावते ना रोज. हाताला कळतं.

हळू बोला हं, झोपलाय तो. त्या पाळण्यात. पट्ट्यांनी बांधून निजवलाय, मग हलत नाही. मोठा झाला म्हणता पाळण्यासाठी? झाला असेल. पाय टेकतात खालच्या बाजूला, टेकू देत, पाळणा काही तक्रार करत नाही. पेरिझातने पुस्तकात वाचलंय ना, मुलांना पाळण्यात बांधू नये म्हणून? पुस्तक लिहिणाऱ्या बाईला म्हणावं एक दिवस ये, गाय पिळ, पोळ्या थाप, गोवऱ्या आत आण, आणि मध्येच एर्मेकला मोकळा सोडून बघ. मग पुस्तकात काय लिहितेस ते वाचू आपण.

माझा दिवस कसा जातो, विचारलंत? नाही विचारलंत, पण सांगते. अंधारात उठायचं, गाय. गाय झाली की चूल. चूल पेटते न पेटते तोच राणीसरकार उठणार आणि वेण्या हव्यात म्हणणार— दोन नकोत, चार हव्यात, फोनमध्ये कुठल्या बाईच्या पाहिल्यात. मी वेणी घालणार, ती मान हलवणार, मी ओरडणार, ती रडणार, तिचं ऐकून हा उठणार. मग याची लापशी. निम्मी पोटात, निम्मी माझ्या रुमालावर, कोंबड्यांना राहिलेली. मग मी जरा पाठ फिरवून सायीचं भांडं धुवावं तर हा मेला फाटकापर्यंत— रांगत. रांगत जातो हो. फार जोरात रांगतो. अख्ख्या गावात असं रांगणारं पोर नाही. कोंबडी पुढे, हा मागे, तिच्या शेपटीचं पीस ओढतो आणि— गुडघ्यांवर. गुडघ्यांवर उभा राहून ओढतो. हसू नका, ठसका लागेल.

मुरंब्याच्या बरण्या? वर ठेवल्यात, फळीवर, हो. मांजर येतं ना. आमचं मांजर खातं मुरंबा. जर्दाळूचा फार आवडतो.

आणि ते बूट काय बघता, ते बेगिमायचे जुने. तळ झिजलाय तो तिनेच झिजवला. ओले का आहेत म्हणजे? धुतले मी. जुन्या वस्तू धुऊन ठेवाव्यात माणसाने. तुमच्याकडे टाकून देतात, मला ठाऊक आहे.

विहीणबाई, एक बोलू का? राग मानू नका, आणि मानला तरी माझं काही जात नाही. मागच्या वर्षी, पहिलं बर्फ पडायच्या आधी, हे दोघं पोरांना घेऊन तुमच्या दारात उभे होते ना, मुलं सांभाळाल का म्हणून? तेव्हा तुमचं ब्लडप्रेशर वर गेलं होतं. चौथ्या मजल्यापर्यंत गेलं होतं म्हणे. मी काही बोलले का? नाही बोलले. म्हटलं, आजारी बाई, शहरातली हवा. मग आली ती दोघं इथे, माझ्या दारात, आणि माझं ब्लडप्रेशर कोणी मोजलं नाही, कारण मोजायचं यंत्र तुमच्याकडे. पेरिझात अंगावर पाजत होती त्याला. पाजता पाजता ठेवून गेली. रात्रभर तो माझ्या या सुकलेल्या छातीत तोंड खुपसायचा आणि काही मिळालं नाही की माझ्याकडे बघायचा, मीच चोरी केल्यासारखा. मी गाईचं दूध पाण्याने पातळ करून बोटाने चाटवलं त्याला. तेव्हा कोणी डॉक्टरची वेळ घेतली नाही हो. आता त्याचे गाल बघा. बघा, जवळ जाऊन बघा, फक्त हात लावू नका.

मला अपा म्हणतो, आईला म्हणावं तसं. आणि तुमच्या लेकीला माहितीये काय म्हणतो? ‘अल्लो’. फोनमध्ये बोलते ना ती, अल्लो अल्लो करते, तर ते तिचं नाव असं वाटतं त्याला. संध्याकाळी फोन वाजला की हा म्हणतो, अल्लो! आणि बेगिमाय मोठ्या माणसासारखी त्याला रागावते, अल्लो नाही रे वेड्या, मम्मी. मी आपली हसते. हसते म्हणजे— बाहेर जाते जरा, गोवऱ्या आणायला.

हो, ठाऊक आहे मला काय ठरलंय ते. मीही तिथेच उभी होते की ठरलं तेव्हा. पाळणाघरात चालणाऱ्याच मुलांना घेतात, म्हणून पोर चालायला लागलं की ही दोघं येणार, त्याच्या पायातला धागा कापणार, आणि दुसऱ्या दिवशी दोघा मुलांना घेऊन गाडीत बसणार. बेगिमायला तिकडच्या शाळेत घालणार. फार छान ठरलंय. शहाण्या माणसांनी ठरवलंय. आणि तुमच्याकडे तर धागा हॉटेलात कापतात ना? कालिमाची सून सांगत होती, एक माइकवाला असतो, फुगे असतात, आणि पळायला मुलं नसतात म्हणून वेटरला पळवतात. आमच्याकडे आपलं साधं. पोराच्या दोन्ही पायांना काळापांढरा धागा बांधायचा, रस्त्याच्या टोकाकडून गावातली चिल्लीपिल्ली धूळ उडवत येणार, पहिला पोचेल त्याच्या हातात सुरी. कापला धागा, झालं, मोकळं झालं पोर. पण चालायला तर हवं ना आधी? चालतच नाही तर काय कापणार?

काय टोचतंय उशीत? काही नाही, आणा इकडे. अहो नका काढू— लोकर आहे ती नुसती. हो, काळी आणि पांढरी. हो, पीळ दिलाय एकत्र. मोज्यांसाठी. काळ्यापांढऱ्या मोज्यांसाठी, का, घालत नाहीत का कोणी? एवढासाच तुकडा आहे तर मोजेही एवढेसेच असतील. द्या म्हणते ना.

तुमच्याकडे असं बघायची सवय आहे का लोकांच्या घरी?

उठला बघा. झालं. एवढ्या मोठ्याने बोलायचं कारण काय होतं— बरं बरं, मीच बोलत होते. आले रे माझ्या राजा, आले. सोडते. रडू नकोस, ही बघ कोण आलीय, तुझी दुसरी आजी आलीय, लांबून आलीय, तुझी हाडं बघायला. थांबा, मी घेते, तुमच्या कमरेला झेपायचा नाही. कपाळावर? ते टेंगूळ आहे. पडला परवा. कुठून पडला म्हणजे? इथूनच. बसल्या जागी. बसल्या जागी पडून टेंगूळ येत नाही असं कुठल्या डॉक्टरने सांगितलं? मांडीवरच ठेवते मी त्याला. अरे चुळबुळ करू नकोस. नको, खाली नको, गार आहे जमीन. हो, शिरदाक आहे, तरी गार आहे. अरे— अरे थांब— एर्मेक!

...

अय्या. उभा राहिला की. बघा तरी. आज पहिल्यांदाच— एक पाऊल— अहो तुम्ही आल्याचा पायगुण म्हणायचा हा—

तुमचा फोन वाजतोय.

...

बघितलंत?

बसला. कसा धपकन बसला, नाही? फोन वाजला की बसतो तो. कुठेही असू दे, अंगणात असू दे, कोंबडीमागे धावत असू दे, फोन ऐकला की बूड टेकतो आणि माझ्याकडे बघत हात पुढे करतो. बघा, केला. तळलेला बोरसोक हवाय त्याला. मिळतो ना दर वेळी. मी शिकवलंय. तुमची लेक फोनमध्ये रडते, उठ ना रे बाळा, एक पाऊल टाक ना, आणि हा इथे बसून बोरसोक चघळतो, आणि मी म्हणते, धीर धर गं, होईल, त्याचा बापही असाच. वाजू दे तो. वाजू दे म्हणते ना, थांबेल.

थांबला.

कुरणावरून गाई खाली आणल्या तेव्हापासून चालतोय. चुलीपासून दारापर्यंत आला, माझ्या झग्याचं टोक धरायला आला, सरळ, मध्ये कशाला न धरता. मी एवढी ओरडले आनंदाने की कालिमा धावत आली, तिला वाटलं मी भाजले. तिला शपथ घातली. बेगिमायला रोज घालते, गोळ्या देऊन. धागा त्याच संध्याकाळी वळला, हो, मीच, आमच्या पांढऱ्या मेंढीची लोकर आणि काळ्या बोकडाची. रोज उशीतून काढते. उद्या सांगू म्हणते. रोज सकाळी म्हणते, आज सांगू. संध्याकाळी फोन येतो आणि हा बसतो.

आणि पडतो हो तो. फार पडतो. उंबऱ्यावर पडतो, सपाट अंगणात पडतो. धागा कापला नाही की पोर अडखळतंच, तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, त्या माइकवाल्यालाही ठाऊक आहे. प्रत्येक टेंगूळ माझं आहे. ओला रुमाल लावते आणि माफी मागते त्याची. मग पुन्हा बोरसोक तळते. अशी बाई आहे मी. सांगा जाऊन सगळ्यांना.

काय करू म्हणता? ही दोन्ही पोरं गेल्यावर मी कोणाशी भांडू? गाईशी? वेणी कोणाची ओढू? माझा जीव जाईल, विहीणबाई. नाही, म्हणजे जाणार नाही, तेवढं कुठलं नशीब, गाय पिळायला उठावंच लागेल. पण घर ऐकवत नाही मला रिकामं. आमचे हे गेले तेव्हा ऐकलंय मी ते.

नका. पाठीवरून हात फिरवू नका. तुम्ही टोमणा मारलात तर बरं वाटेल मला. तेवढं तरी करा.

आणि पेरिझात रडते ना खरंच? अंधारात, मशीन बंद झाल्यावर? हाडांच्या काळजीने? तिला काय माहीत की हा मेला कोंबड्यांची पिसं उपटत फिरतो.

ऐका. हे बघा. तिला सांगा, आज चालला. आजच, पहिल्यांदा, तुमच्याकडे बघून चालला. श्रेय सगळं तुम्ही घ्या, मिरवा बिश्केकभर, मी एक शब्द बोलणार नाही. एवढं खोटं माझ्यासाठी बोला. मी तुमच्यासाठी वर्षभर खरं गिळलंय, ब्लडप्रेशरचं. आणि म्हणावं, रविवारी या. मेंढी आहे, पोरं आहेत गावात पळायला, वेटर लागणार नाही. तो डॉक्टर रद्द करा म्हणावं.

वाजतोय पुन्हा. तीच असणार. उचला. असा धरा, खाली, त्याच्या उंचीवर. मला दाखवू नका, माझं तोंड कशाला हवंय तिला. आणि मग निघा तुम्ही, परतीची गाडी उभी राहत नाही कोणासाठी, बूट बाहेर आहेत.

एर्मेक. ए राजा. नाही, आज बोरसोक नाही. बसू नकोस. ऊठ. माझ्याकडे नको येऊस रे, तिकडे— तिकडे जा, अल्लोकडे. आई आहे ती तुझी. जा. चालत जा.