दोन टीम आणि एक मुराळी

…आणि वर तो गेटवरचा माणूस मलाच विचारतो, ‘भाऊ, तिकिटं दोन शेतस, माणूस एकच कसा?’ आता याला काय सांगू? की बाबा रे, दुसरं माणूस तिकडे सुरतेला, उधन्यात बसलंय? मी म्हटलं, ‘येतेय मागून,’ आणि जाऊन बसलो. पंचेचाळीस वर्षांचा घोडा, साखर कारखान्यातला नोकरदार, आजूबाजूला सगळी चिल्लीपिल्ली आणि माझ्या मांडीवर दोघांचे समोसे!

तुम्हाला सांगतो, कार्टूनचा पिक्चर होता. ‘तुफान पाच’. हसू नका! आमच्या लहानपणी पुरुषोत्तमनगरला, कारखान्याच्या कॉलनीत, रविवारी सकाळी हे टीव्हीवर लागायचे. पाच वीर. लांबट तोंडांचे, गंभीर, हसणं ठाऊकच नाही, जग वाचवायचं म्हणजे वाचवायचं! ते संपलं की मी आणि माझी धाकटी बहीण दीपमाला, थेट चिपाडाच्या ढिगावर. आता पाच वीर दोघांत वाटायचे कसे? सोप्पं! पाचही तीच. उडणारी ती, पाण्यात श्वास घेणारा ती, भिंत फोडणारा ती… मग मी कोण? राक्षस! आठ वर्षं राक्षस! ‘दादा, तू मोठा शे ना, मंग तू मार खा.’ हा तिचा न्याय. आणि मी खायचो हो… आनंदानं खायचो.

आता तिची मुलगी भूमिका बघते ते तुफान पाच वेगळेच. डोकी भोपळ्याएवढी, पाय करंगळीएवढे, राक्षस दारात उभा तरी यांची पिझ्झ्यावरून भांडणं! फोनवर मला म्हणते, ‘मामा, तुमचेवाले किती बोअर, सारखे रडतात!’ आणि या पिक्चरमध्ये काय, तर जुने पाच आणि नवे पाच एकत्र! आणि लागला कधी? आखाजीच्या आठवड्यात! आता बोला!

आखाजी, म्हणजे तुमची अक्षय्य तृतीया, आमच्याकडे नुसता सण नाही, सासरी गेलेल्या लेकीबाळींचं माहेरी येणं असतं. झोके, गाणी, आमरस, खापरावरच्या पुरणपोळ्या… आणि आमची दीपमाला तीन वर्षं आलेली नाही. तीन! झोका बांधतो मी, हलवतो वारा. आई दोन पोळ्या बाजूला काढून ठेवते आणि संध्याकाळी म्हशीला घालते. मी काय कमी केलं? पहिल्या वर्षी रेल्वेचं तिकीट मोबाईलवर पाठवलं. दुसऱ्या वर्षी गाडी पाठवली, ड्रायव्हरसकट, एसीची! गाडी रिकामी परत. मी म्हटलं, ही तिची सासू, अनुसयाबाई, हीच अडवत असणार. दुसरं कोण? यंदा म्हटलं, असं काही पाठवतो की ती उंबरा ओलांडून पळतच येईल. रेल्वेचं तिकीट अधिक पिक्चरचं तिकीट! खाली लिहिलं, ‘दोन्ही टीम येताहेत, तू पण ये.’ तिचा उलट निरोप काय? नुसता अंगठा!

म्हणून मी नंदुरबारच्या थेटरात, बाजूची खुर्ची अडवून. एक बाई दोनदा विचारून गेली, ‘कोणी येई ऱ्हायनं का आठे?’ मी म्हटलं, ‘येई ऱ्हायनी, येई ऱ्हायनी!’ आणि पिक्चर सुरू. काय सांगू! पडद्यावर दोन्ही टीम येणार, आणि माझी बहीण नाही आली!

तर गोष्ट अशी, की नव्या पाचांवर संकट. जुने पाच दुसऱ्याच जगात. नवे त्यांना निरोप धाडतात, जुने येत नाहीत. विमान धाडतात, रिकामं परत येतं. मी समोसा तोंडाशी धरून तसाच! मग नव्यांचा म्होरक्या, तो भोपळ्या, पिझ्झा खाली ठेवतो आणि म्हणतो, ‘असे नाही येणार ते. मीच जातो आणायला.’ आणि जातो हो! आगीतून, भिंतीतून, जातो! दार उघडतो, तर जुने पाच तयारच बसलेले. म्हातारी उडणारी म्हणते, ‘बोलवायला कोणी आलंच नाही.’

तुम्हाला सांगतो, माझी नजर थेट बाजूच्या रिकाम्या खुर्चीवर. पडद्यावर दोन्ही टीम आल्या, पोरं खुर्चीवर नाचताहेत, शिट्ट्या, टाळ्या… आणि माझी बहीण नाही आली!

मध्यंतराला फोन लावला थेट अनुसयाबाईंना. म्हटलं, ‘मावशी, का अडवता तिला?’ अशी काही उसळली बाई! ‘मी कसाले अडवू? तीन वरीस झायात, आखाजी उनी की ती पिशवी भरीसन दारमा बठस! मी सांगस, जाय ना माय. तं ती सांगस, मन्हा भाऊ लेवाले येई तवय जासू. ड्रायव्हर काय मन्हा भाऊ शे का? तुमना गावमा मुराळी मरी ग्यात का?’

मुराळी! आणायला जाणारा भाऊ! आमचे वडील हयात असेपर्यंत दरवर्षी मला बसमध्ये कोंबायचे, ‘जाय, बहीणले लई ये.’ ते गेले, आणि मी शहाणा झालो! मोबाईलवाला झालो! इकडे भोपळ्याला जे कळलं ते मला तीन वर्षं नाही कळलं.

उठलोच. अर्धा पिक्चर, अर्धे समोसे सोडून स्टेशन, आणि संध्याकाळी उधना. दारात दीपमाला. पिशवी भरलेली. पाणी दिलं आणि पाठीत एक गुद्दा घातला. तोच जुना, भिंत फोडणारा! ‘इतला येळ लागस का रे?’ मला रडूच आलं. खोटं कशाला बोलू.

आखाजीला झोक्यावर बहीण होती, भाची होती. आई पोळ्या लाटता लाटता गात होती. दोघींना पिक्चरला नेलं शुक्रवारी, तर पिक्चर उतरलेला! भूमिका म्हणते, ‘मामा, शेवटी जिंकलं कोण?’ मला काय माहीत? मी तुम्हाला आणायला उठलो होतो! मग काय, अंगणातच दोन्ही टीम. नवे पाच भूमिका, जुने पाच दीपमाला. आणि राक्षस? विचारता काय… कंबर अजून धरली आहे!

चार दिवस. फक्त चार. पाचव्या दिवशी मी सकाळीच आंघोळ करून तयार. म्हटलं, चल, उधन्यापर्यंत पोहोचवायला येतो, तेवढाच आणखी एक दिवस मिळेल. तर बाईसाहेब म्हणतात, ‘कसाले त्रास, दादा? मी मोबाईलवर तिकीट काढी लिधं!’