तीन हिरवे फ्लास्क

(कॉलेजची प्रयोगशाळा.)

केतकी : बारा फ्लास्क. नऊ नितळ, तळाशी बोराएवढ्या गोळ्या. तीन अजून हिरवेगार.

नुजहत : तिन्ही अब्बांच्या शेततळ्याच्या पाण्याचे?

केतकी : तिन्ही. बाकी कॉलेजच्या हौदाचे. शेवाळ तेच, त्याला गोळ्यांत धरणारी बुरशी तीच.

नुजहत : तूच सांग त्याइले. कपाशी सोडून मासोळ्या टाकल्या, अन् त्या शेवाळापायी पहाटे वर येऊन तोंडं उघडून राह्यल्या.

जब्बार : काय कुजबुज चालली पोरींनो? झाली का माझी बुरशी तयार? आजच टाकतो तळ्यात. ते शेवाळ धरन, मी गोळ्या जाळ्यानं काढीन.

केतकी : थांबा चाचा. तुमच्या पाण्यात बुरशीनं शेवाळ धरलंच नाही. पाणी कशातून आणलं होतं?

जब्बार : नागोरावच्या निळ्या ड्रमातून.

केतकी : फवारणीच्या?

जब्बार : हो. कपाशीच्या करप्यावर तो अँटिबायोटिक मारते न, त्याच्या.

नुजहत : अब्बा!

जब्बार : चिल्लावून काहून राह्यली? चांगला घासून धुतला.

केतकी : तरी अंश राहतो. थोड्याशा औषधानंही बुरशीची शेवाळावरची पकड सुटत असेल. म्हणजे दोष ड्रमचा.

नुजहत : मंग तळं ठीक हाय! टाकू दे न त्याइले.

केतकी : चाचा, ड्रम धुतला कुठं?

जब्बार : तळ्यातच. अजून कुठं धुवाव, कॉलेजात? हंगामभर समदे शेजारी तिथंच धुतात. पाण्याले कोनाले नाही म्हनाव, बेटा?

नुजहत : या अल्ला.

केतकी : औषध तळ्यातच उतरलंय का ते बघू. ही काचेची बाटली घ्या. मधोमध हातानं बुडवून भरा. तोवर बुरशी टाकू नका. गोळ्या झाल्या नाहीत, तर तीही मासोळ्यांचाच श्वास खाईल.

जब्बार : किती रोज?

केतकी : दोन.

जब्बार : अन् मासोळ्याइले कोन सांगन, दोन रोज दम धरा म्हनून?

(दोन दिवसांनी, तिथंच.)

नुजहत : बोल न. अब्बा बाहेर सायकल धरून उभे हायेत.

केतकी : हौदाचं पाणी. शेवाळ गोळ्यांत गेलं, शंभरात एक्क्याण्णव.

नुजहत : अन् त्याच पाण्यात तू औषध टाकून पाह्यलं, ते?

केतकी : अठ्ठावीस.

नुजहत : तळ्याची बाटली?

केतकी : एकतीस.