गडग्यातलं घरटं

गोप्याचं नाव काढू नका, चहा कडू लागतो मला! माझाच चुलतभाऊ तो. महाराष्ट्र व्हायच्या आधीची गोष्ट. मी महाडला बाजाराला गेलो, तर यानं चार गडी लावून माळावरच्या हद्दीचा दगडी गडगा हातभर माझ्या शेतात सरकवला. पंच आले, तर म्हणतो कसा, "गडगा आज्यापासून इथंच हाय!"

तेवढ्यात त्या गडग्याच्या फटीत घरटं करणारं काळं चिरक पाखरू चोचीत किडा घेऊन आलं. नव्या गडग्याकडं त्यानं बघितलंसुद्धा नाय. जुन्या जागी उघड्या मातीवर बसलं आणि घरटं हुडकायला लागलं.

पंच हसले, "गोप्या, हा बघ साक्षीदार!"

माझी आई मात्र कडाडली, "हद्द गेली चुलीत, मेल्या! त्याची पिल्लं कुठल्या दगडाखाली गाडलीस, ते दाखव आधी!"